पिवळ्या टेपची वायर

माझ्या मोठ्या जाऊबाई कमी बोलतात आणि मी जास्त बोलते. आमच्या घरात न्याय असा आहे की जी बोलत नाही तिच्याबद्दल सगळे बोलतात, आणि जी बोलते तिचं कोणी मनावर घेत नाही. त्यामुळे जाऊबाईंबद्दल जे बोललं गेलं ते चार घरं फिरून आलं, आणि मला जे ठाऊक आहे ते माझ्याच पोटात राहिलं. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे सासरच्यांना पहिल्याच वर्षी कळलं होतं. ही एक गोष्ट मात्र मी धरून ठेवली आहे आणि तिचं मला ओझं होतं.

जाऊबाईंचं काम ऐकून टाइप करायचं. डॉक्टर पेशंट तपासतात, मग काय आढळलं ते यंत्रात बोलून ठेवतात, आणि ते बोलणं कुणीतरी शब्दाला शब्द लिहून काढावं लागतं. ते कुणीतरी म्हणजे जाऊबाई. घराच्या पुढच्या खोलीत खिडकीला लागून टेबल, टेबलावर दोन स्क्रीन, कानावर हेडफोन, आणि पायाखाली शिलाई मशीनला असतं तसं पेडल. पेडल दाबलं की डॉक्टर बोलायला लागायचे, सोडलं की गप्प व्हायचे, टाचेने दाबलं की मागे जाऊन पुन्हा तेच सांगायचे. इतक्या डॉक्टरांना पायाखाली ठेवणारी बाई दुसरी कुठे सापडायची नाही, असं भाऊजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. घरात कुणाचं काही दुखलं-खुपलं की आधी जाऊबाईंना विचारायचं, मग डॉक्टरला. त्या बरोबर सांगायच्या आणि वर म्हणायच्या, मी नुसती टायपिस्ट आहे, माझ्यावर विसंबू नका.

भाऊजी, म्हणजे माझे मोठे दीर, साऊंडवाले. सभा असो, नाटक असो, कुणाचं लग्न असो, माइक आणि स्पीकर त्यांचे. आवाज मुळातच असा की माइकची गरज नाही. घरात त्यांना सगळे भोंगा म्हणायचे आणि त्यांना त्याचा अभिमान होता. जिन्याच्या खालच्या पायरीवरून ते "अगं" म्हणायचे आणि वरच्या मजल्यावर जाऊबाई चहाचं आधण ठेवायच्या. बायकोला त्यांनी आयुष्यभर याच नावाने हाक मारली. एरवी माणूस गबाळा, शर्टाचं बटण कधी जागेवर नाही, पण वायरींच्या बाबतीत सोवळ्यातला. हातावरून कोपरावरून गुंडाळलेली वायर दिसली की त्यांचं डोकं फिरायचं. अशाने वायर आतून पिळली जाते आणि मरते, म्हणायचे. एक वेढा सरळ, एक वेढा उलटा, अशी ती गुंडाळायची, आणि दोन्ही टोकांना एकाच रंगाची टेप लावायची, म्हणजे अंधारातसुद्धा कुठलं टोक कुठलं ते कळतं. मला त्यांनी कितीदा तरी शिकवलं. मला ते शेवटपर्यंत जमलं नाही. जाऊबाईंना एकदा बघून जमलं.

मग भाऊजींच्या हातातून वस्तू पडायला लागल्या. आधी कप, मग पकड, मग एका सभेत माइकचा स्टँड. पुढे पाय उचलेना. डॉक्टरांनी एक लांबलचक नाव सांगितलं. ते नाव जाऊबाईंनी दुसऱ्यांसाठी अनेकदा टाइप केलेलं होतं. त्याच्या पुढच्या परिच्छेदात काय असतं, त्याच्या पुढच्या भेटीत काय लिहितात आणि शेवटच्या पानावर काय असतं, हे त्यांना पाठ होतं. घरातल्या बाकीच्यांना आशा होती. त्यांना नव्हती, आणि ते त्यांनी कुणाला कळू दिलं नाही. वन्सं, म्हणजे भाऊजींची मोठी बहीण, तेव्हापासूनच म्हणायला लागल्या की हिच्या डोळ्यांत पाणी कसं ते नाही.

शेवटी शेवटी भाऊजींचं सगळं अंग गेलं, उजव्या हाताचं एक बोट राहिलं आणि घशात थोडा आवाज राहिला. गिळणं अवघड झालं होतं. घशात कफ अडकला की नळी घालून यंत्राने ओढून काढावा लागायचा, आणि तो लगेच काढावा लागायचा. उशीर झाला तर श्वास बंद. हे जाऊबाईंनाच येत होतं. त्यांना काम सोडता येत नव्हतं, कारण घर त्याच्यावरच चाललं होतं. आणि काम त्या खोलीत करता येत नव्हतं, कारण तिथे हवेचं यंत्र सारखं घुरघुरायचं आणि डॉक्टरांचं बोलणं ऐकू यायचं नाही. म्हणून त्यांनी भाऊजींच्या पलंगासमोर एक साधा कॅमेरा लावला. तो काही साठवून ठेवायचा नाही, नुसता दाखवायचा आणि ऐकवायचा. डाव्या स्क्रीनच्या कोपऱ्यात एक छोटी चौकट, तिच्यात भाऊजी. कानात डॉक्टरांचं बोलणं, त्याच्या मागे भाऊजींचा श्वास. भाऊजींनी हळूच "अगं" म्हटलं की हेडफोन फेकून त्या मधलं दार उघडून आत. असं त्यांनी किती वेळा त्यांना मरणाच्या दारातून ओढून आणलं असेल. तेव्हा कुणी मोजलं नाही.

त्यांची लेक दुसऱ्या शहरात नोकरीला लागली होती. बापाची लाडकी, आणि आवाजाचं वेड त्याच्याकडूनच घेतलेली. पहिला पगार झाला तशी तिने बापासाठी रिसीव्हर पाठवला. रिसीव्हर म्हणजे ते जड काळं खोकं, ज्याला चारी बाजूंनी स्पीकर लावतात. सोबत एक जाड लांब वायर. कॉम्प्युटरपासून रिसीव्हरपर्यंत ही एकच वायर टाकायची, तिच्यातून चित्रही जातं आणि आवाजही, असं तिने फोनवर आईला तीन-तीनदा बजावलं. बाबांना आता कुठल्या हॉलमध्ये जाता येत नाही, तर हॉलच त्यांच्या खोलीत येऊ दे, म्हणाली.

तो बसवण्याचा दिवस मला चांगला आठवतो, कारण त्या घरातला तो शेवटचा हसण्याचा दिवस होता. जुन्या फोनची तार यायची त्या भोकातून वायर पलीकडे घालायची होती. भोक लहान, वायरीचं टोक मोठं. जाऊबाईंनी स्क्रूड्रायव्हरने भोक कोरलं आणि भिंतीचा सगळा चुना माझ्या डोक्यावर पडला. भाऊजी पलंगावरून हुकूम सोडत होते, आवाज बारीक झालेला, पण रुबाब तोच. टेप पिवळीच लाव. दोन्ही टोकांना लाव. तिथे नको गं, मान मोडेल तिची. वायर रिसीव्हरला गेली आणि तिथून छोटी वायर भिंतीवरच्या टीव्हीला. मग भाऊजी म्हणाले की आता कॉम्प्युटरला तिसरी स्क्रीन मिळाली, माउसचा बाण उजवीकडे ढकलत राहा. जाऊबाईंनी ढकलला. तो दुसऱ्या स्क्रीनच्या कडेला थांबला नाही, दिसेनासा झाला, आणि इकडे टीव्हीवर उगवला. भिंतीतून पलीकडे आला बघ, असं म्हणून भाऊजी लहान मुलासारखे खूश झाले.

मग त्यांनी हट्ट धरला की मला मी बघायचाय. जाऊबाईंनी कॅमेऱ्याची ती चौकट ओढत ओढत टीव्हीवर नेली. भाऊजींनी स्वतःला भिंतीएवढं पाहिलं. बऱ्याच दिवसांत आरसा पाहिला नव्हता. मग म्हणाले, "हा कोण म्हातारा घुसलाय आपल्या घरात? काढ त्याला." आम्ही हसलो. जाऊबाईंनी ती चौकट घाईघाईने ओढून आपल्या जागी परत नेली. आम्ही ते विसरलो. कॉम्प्युटर विसरला नाही, पण ते आम्हाला फार उशिरा कळलं.

रिसीव्हरचा रिमोट जाऊबाईंनी पलंगाच्या दांडीला, भाऊजींच्या बोटाखाली येईल असा बांधून दिला. सुरू करायच्या बटणावर पिवळ्या टेपचा तुकडा. घरातलं तेवढं एक काम भाऊजींकडे राहिलं होतं आणि ते त्यांनी नियमाने केलं. संध्याकाळी जाऊबाई काम आवरायच्या, कॅमेऱ्याची चौकट बंद करायच्या, आत येऊन खुर्चीवर बसायच्या, मग भाऊजी बटण दाबायचे. खोक्यातून टक् असा आवाज यायचा आणि गाणं लागायचं. लोक बसल्याशिवाय साऊंड सुरू करायचा नाही, ही त्यांची जन्माची सवय. त्या आत आल्याशिवाय त्यांनी ते बटण कधी दाबलं नाही. फक्त एकदा दाबलं.

ती दुपार होती. जाऊबाईंपुढे एका नव्या डॉक्टरचं बोलणं होतं, तोंडात सुपारी धरल्यासारखं. एकेका वाक्यासाठी त्या तीनदा मागे जात होत्या. हेडफोनमध्ये भाऊजींकडून काही येत नव्हतं. ते गप्प असले म्हणजे झोपलेले असायचे. पान संपलं तशा त्या चहा ठेवायला उठल्या, हेडफोन काढला, तर आतून घूं असा आवाज येत होता. दार उघडलं. स्पीकर घुमत होते, रिसीव्हरचा दिवा लागलेला होता, आणि भाऊजी गेलेले होते. तोंड उघडं, डोळे दाराकडे. त्यांनी आधी रिसीव्हरचं भिंतीवरचं बटण बंद केलं, मग नळी घेतली. नळी घालून काही उपयोग नव्हता. हे त्यांना समजत होतं, तरी त्या बराच वेळ कफ ओढत राहिल्या.

माणसं जमली. खालच्या मजल्यावर एक शिवणकाम करणारी बाई राहते, स्वभावाने वाईट नाही, पण उचलली जीभ लावली टाळ्याला. ती वन्संना म्हणाली, आज फार हाका मारत होते हो, अगं, अगं, अगं, सारखं चाललं होतं, मला वाटलं गेली असेल कुठे बाहेर. वन्संनी ते लगेच उचललं. माझा भाऊ शंभर हाका मारून मेला आणि ही भिंतीपलीकडे बसून बोटं चालवत होती, असं त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या. लेक तेवढ्यात आली होती. ती पुढच्या खोलीत गेली. टेबलावर दोन्ही स्क्रीन चालूच होत्या, आणि डाव्या कोपऱ्यात ती चौकट होती. चौकटीत पलंग, पलंगावर तिचे बाबा, भोवती माणसं. आईच्या अगदी डोळ्यांसमोर. तिने ते पाहिलं आणि आईला एकच गोष्ट विचारली.

"तुला दिसत नव्हते?"

जाऊबाई म्हणाल्या, "मला कळलं नाही."

त्यांनाही तसंच वाटत होतं की चौकट समोर होती, आवाज कानात येत होता, आणि आपणच त्या डॉक्टरच्या नादात बहिऱ्या झालो, आंधळ्या झालो. त्यांनी कुणाला उलट उत्तर दिलं नाही. मी दिलं. वन्संना मी असं काही बोलले की आमचं अजून धड बोलणं नाही, आणि त्याचा मला यत्किंचितही पश्चात्ताप नाही. पण पुरावा त्यांच्या बाजूला होता आणि माझ्याकडे नुसता राग होता. लेक निघून गेली. नंतर तिने आईचा फोन उचलला नाही. एकुलती एक मुलगी, आणि जाऊबाईंना जगायला आता तेवढंच निमित्त होतं. रोज संध्याकाळी त्या फोन लावायच्या, वाजून वाजून बंद व्हायचा, मग त्या भांडी घासायच्या. मी एकदा म्हटलं, लावता कशाला? म्हणाल्या, नाव दिसतं तिला माझं, तेवढं तरी दिसू दे.

त्या कामाला लागल्या. कॅमेरा मात्र काढला नाही. डाव्या कोपऱ्यातल्या चौकटीत आता रिकामा पलंग दिसायचा, आणि त्या दुसऱ्यांची दुखणी टाइप करता करता त्याच्याकडे बघायच्या. पूर्वी कधी पाहिलं नाही इतकं बघायच्या. मला ते सहन व्हायचं नाही. बंद करा ते, म्हटलं तर म्हणायच्या, असू दे.

काही महिन्यांनी लेकीचा मला फोन आला. काकू, बाबांचा रिसीव्हर मला हवाय, मी येऊन घेऊन जाईन, तू आईला सांग. मी सांगितलं. जाऊबाईंचा चेहरा कितीतरी दिवसांनी जरा उजळला, कारण ती येणार होती, मग कशासाठी का होईना. देण्याआधी चालतो का ते बघू, म्हणाल्या, तिथे नेऊन बिघडलेला निघायला नको. त्या आत गेल्या आणि मी पुढच्या खोलीत त्यांच्या खुर्चीवर बसले. चौकटीत मला त्या वाकताना दिसल्या. आतून टक् असा आवाज आला.

आणि चौकट नाहीशी झाली.

मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. होती आणि नाही. स्क्रीनच्या त्या कोपऱ्यात नुसता निळा रंग राहिला. मला वाटलं माझ्या हाताने काही दाबलं गेलं. मी हात मागे घेतले. आत जाऊबाईंनी मोठ्याने विचारलं, "चाललाय का गं?" मी हो म्हणणार, तेवढ्यात त्यांनी पुन्हा विचारलं, चाललाय का गं. आणि पुन्हा. आणि पुन्हा. एकाच सुरात, एकाच घाईत. मी उठून आत गेले. जाऊबाई तोंड मिटून उभ्या होत्या आणि त्यांचा आवाज चारी स्पीकरमधून येत होता. चाललाय का गं, चाललाय का गं. हळूहळू शब्द झिजत गेले, गं तेवढा उरला, मग तोही गेला आणि नुसतं घूं राहिलं.

तो आवाज त्यांनी ओळखला. त्यांचा चेहरा पाहून मला भीती वाटली. त्यांनी रिसीव्हर बंद केला, पुन्हा चालू केला, पलंगावर भाऊजींचं डोकं असायचं तिथे वाकल्या आणि अगदी बारीक आवाजात एकदाच म्हणाल्या, "अगं."

खोली त्यांना हाका मारायला लागली. एकामागून एक, न थांबता. मी कानांवर हात ठेवले. त्या मात्र शेवटपर्यंत ऐकत उभ्या राहिल्या, शिवणाऱ्या बाईने खाली बसून जेवढं ऐकलं असेल तेवढं सगळं.

मग पुढच्या खोलीत येऊन त्यांनी मला माउसने दाखवलं. टीव्ही बंद होता, पण रिसीव्हर सुरू झाला की कॉम्प्युटर त्याला स्क्रीनच समजतो. बाण उजवीकडे ढकलला की तो भिंतीतून पलीकडे जातो आणि काळ्या टीव्हीत हरवतो. आणि कॉम्प्युटरच्या लक्षात होतं की ही चौकट एकदा त्या टीव्हीवर ठेवली होती, त्या हसण्याच्या दिवशी. टीव्ही पुन्हा हाताशी आलाय असं वाटताच त्याने ती इमानदारीने तिच्या जागी नेऊन ठेवली. आवाजही तिकडेच गेला. डॉक्टरांचं बोलणं तेवढं हेडफोनमध्ये राहिलं, कारण टायपिंगच्या कामाचा आवाज भाऊजींनीच हेडफोनला पक्का बांधून दिला होता. लोकांची खासगी दुखणी, दुसऱ्या कुणाला ऐकू जायला नकोत म्हणून. मागे उरलेला भाऊजींचा श्वास, त्यांची हाक, सगळं त्यांच्याच उशाशी परत गेलं. स्पीकरमधून आलेली हाक कॅमेऱ्याने पुन्हा ऐकली आणि पुन्हा स्पीकरकडे पाठवली, पुन्हा पुन्हा. आणि जाऊबाईंनी आत येऊन रिसीव्हर बंद केला तशी चौकट मुकाट्याने कोपऱ्यात परत येऊन बसली, जणू काही झालंच नाही. म्हणून लेकीला ती तिथे दिसली.

"हाक मारायला श्वास पुरणार नाही असं वाटलं असेल," जाऊबाई म्हणाल्या. "बोट चालत होतं. बटण दाबलं की मी जवळ असते, एवढं त्यांना माहीत होतं. मी यावं म्हणून दाबलं त्यांनी."

मी ओक्साबोक्शी रडले. त्या रडल्या नाहीत. मी म्हटलं, अहो ताई, शंभर हाका नव्हत्या, एक होती, फार तर दोन. त्या म्हणाल्या, हो, एकच असेल, तेवढाच श्वास होता. मग म्हणाल्या की स्वतःचीच हाक परत परत ऐकताना त्यांना काय वाटलं असेल कोण जाणे. ही येत का नाही, असंच वाटलं असेल.

माझं रडणं ओसरलं तसा मला जोर चढला. मी फोन काढला. म्हटलं, आत्ताच्या आत्ता पोरीला सांगते, आणि मग वन्संकडे जाऊन त्यांच्या तोंडावर सांगते. जाऊबाईंनी माझ्या हातातून फोन घेतला आणि टेबलावर उलटा ठेवला.

"हे खोकं कुणी पाठवलं?" त्यांनी विचारलं.

मी फोनकडे हात नेला.

"वायर कुणी पाठवली? एकाच वायरीने जोड, असं तीनदा कुणी सांगितलं?"

मी म्हटलं, तिची काय चूक, तिने तर हौसेने पाठवलं. त्या म्हणाल्या, तेच. चूक नसताना दोष कसा घेऊन जगायचं असतं ते मला आता माहीत आहे, तिला ते शिकायला लावू? मी भांडले. खूप भांडले. म्हटलं, ती तुमच्याशी बोलत नाही, मरेपर्यंत बोलणार नाही. त्या म्हणाल्या, माझ्यावर राग धरून ती कामाला जाते, जेवते, झोपते. हे कळल्यावर झोपेल का? आणि तू सांगितलंस तर मी सांगेन की तू बनवून सांगतेस. तुझ्या तोंडाची ख्याती आहेच. शेवटचं वाक्य त्या जवळजवळ हसून बोलल्या, आणि मी हात टेकले.

लेक येणार त्या दिवशी मी लवकर गेले. जाऊबाईंनी भिंतीतून वायर ओढून काढली होती आणि पुढच्या खोलीत बसून गुंडाळत होत्या, एक वेढा सरळ, एक वेढा उलटा. गुंडाळून झाल्यावर ती माझ्या पिशवीत घातली. म्हणाल्या, तुझ्याकडे राहू दे, टाकवत नाही. ही वायर तिच्या हाती गेली की ती पहिल्या दिवशी तिच्या कॉम्प्युटरला जोडेल, कधीतरी तिची एखादी चौकट अशीच जाईल, आणि ती बापाची मुलगी आहे, तिला समजायला वेळ लागणार नाही. मी म्हटलं, अशा वायरी बाजारात पोत्याने मिळतात. त्या म्हणाल्या, मिळू देत. माझ्या हाताने द्यायला नको.

लेक आली. वाळली होती. आईकडे न बघता आत गेली, पलंगावर क्षणभर हात ठेवला, आणि रिसीव्हर खोक्यात भरायला लागली. मी मदत केली. जाऊबाई दाराला टेकून उभ्या होत्या, जितकं बघून घेता येईल तितकं बघत. त्या म्हणाल्या, "नुसता गाण्यांना लाव. कॉम्प्युटरला नको लावूस, बाबा म्हणायचे त्याने खराब होतो."

"बाबा असं कधी म्हणाले नाहीत," लेक म्हणाली. मग तिने स्पीकरच्या वायरी एकेक उचलून पाहिल्या, पलंगाखाली पाहिलं, टीव्हीच्या मागे पाहिलं. "ती लांब वायर कुठाय? पिवळ्या टेपची. बाबांनी टेप लावून घेतलेली."

"सापडत नाही," जाऊबाई म्हणाल्या.

पिशवी माझ्या खांद्यावर होती. मी ती अंगाशी धरली. लेक उठून उभी राहिली, आणि आल्यापासून पहिल्यांदा तिने आईच्या डोळ्यांत पाहिलं.

"एक वायर सांभाळता आली नाही तुला."

ती वायरीबद्दल बोलत नव्हती, हे आम्हा तिघींनाही समजलं. माझं तोंड उघडलं होतं. सगळे शब्द जिभेवर होते. जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"नाही आली," त्या म्हणाल्या.

लेकीने खोकं उचललं. जड होतं, जिन्यापर्यंत मी एका बाजूने धरलं. ती खाली जाऊन गाडीत बसली. मी वर आले तेव्हा जाऊबाई टेबलाशी बसल्या होत्या, हेडफोन घातलेला, पाय पेडलवर. डाव्या कोपऱ्यात रिकामा पलंग. त्या कुठल्याशा परक्या माणसाच्या छातीत काय आढळलं ते टाइप करत होत्या. मी चहा करून त्यांच्याजवळ ठेवला आणि घरी आले.

वायर माझ्या कपाटात वरच्या फळीवर आहे. मी ती कधी सोडून बघितलेली नाही. एकदा सोडली तर तशी परत गुंडाळायला मला येत नाही.